हे चित्र कोणी काढले? निनावी चित्राच्या शैलीवरून चित्रकाराचा शोध

नांदेड किंवा लातूर येथील कोणत्याही कॅथोलिक कुटुंबात जावे, बैठकीच्या खोलीत एक तरी पवित्र तसबीर भिंतीवर असतेच. कुठे येशूचे पवित्र हृदय असते, कुठे बाळ येशूला कुशीत घेतलेली पवित्र मरिया, तर कुठे प्रभूचे शेवटचे भोजन. याच तसबिरीपुढे सायंकाळी घरातील सर्वजण एकत्र येऊन प्रार्थना करतात. आजीने ती आणली, आईने तिला हार घातला आणि आता नातवंडे तिच्यासमोर मेणबत्ती लावतात. परंतु हे चित्र मुळात कोणी काढले, असे विचारले तर बहुधा उत्तर मिळत नाही. चित्राखाली सही नसते, मागे नोंद नसते आणि ज्यांना काही ठाऊक होते ती माणसे आज हयात नसतात.

अशा निनावी चित्राचा कर्ता केवळ चित्राकडे पाहून ओळखता येतो काय? कलेच्या अभ्यासकांनी या प्रश्नावर फार परिश्रम घेतले आहेत. शैली आपल्याला चित्रकाराच्या दारापर्यंत नेऊ शकते, परंतु दार उघडण्यासाठी बहुधा एखादा कागद लागतो. हे कसे घडते, ते आपण पाहू.

घरातील तसबिरींपासून आरंभ

आपल्या परिचयाचीच तीन चित्रे घेऊ. आपले हृदय हातात धरून आपल्याकडे पाहणारा येशू अनेक घरांत दिसतो. या नमुन्याचे सर्वांत प्रसिद्ध मूळ चित्र पोम्पेओ बातोनी या इटालियन चित्रकाराने १७६७ साली काढले व ते रोममधील येशूसंघीयांच्या 'जेझू' चर्चमध्ये आहे. येथे कर्त्याचे नाव निश्चित आहे. आपल्याला ते ठाऊक नसते, एवढेच.

दुसरे चित्र सदासर्वदा साहाय्य करणाऱ्या मातेचे. मुंबईत माहीम येथील संत मायकल चर्चमध्ये १९४८ सालापासून दर बुधवारी तिचा नोव्हेना होतो. मूळ चित्र रोम येथील संत अल्फोन्सस चर्चमध्ये असून ते १८६६ साली रिडेंप्टरिस्ट संघाच्या स्वाधीन करण्यात आले. सोनेरी पार्श्वभूमीवरील ग्रीक अक्षरे देवाची माता, येशू ख्रिस्त आणि देवदूत मिखाएल व गाब्रिएल यांची नावे सांगतात. चित्रकाराचे नाव मात्र कोठेही नाही. तरीही वस्त्रांच्या चुण्या, चेहऱ्याची ठेवण आणि सोनेरी रेषांचे काम यांवरून अभ्यासक हे चित्र क्रीट बेटावरील चित्रपरंपरेत ठेवतात. येथे शैलीने परंपरा सांगितली, व्यक्ती सांगितली नाही.

तिसरे चित्र दैवी दयेचे. त्याचे पहिले चित्र युजेनियुश काझिमिरोव्स्की यांनी १९३४ साली संत फॉस्टिना यांच्या सूचनेनुसार विल्नियस येथे रंगविले. आज जगभर अधिक प्रसार पावलेले चित्र आडोल्फ हिवा यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पोलंडमधील क्राकूव्ह येथे काढले. विषय एक, उजवा हात आशीर्वादासाठी उंचावलेला, हृदयातून निघणारे दोन किरण तेच. परंतु हात दोन. काझिमिरोव्स्की यांच्या चित्रात येशूची दृष्टी खाली झुकलेली आहे. हिवा यांच्या चित्रात ती समोरच्या भाविकाकडे लागलेली आहे. आपल्या घरातील प्रत कोणत्या चित्रावरून घेतली आहे, हे वाचकांनी आजच पाहावे. पाच मिनिटांत उत्तर मिळेल आणि शैलीवरून कर्ता ओळखण्याचा पहिला धडाही गिरवून होईल.

शैली म्हणजे हाताचे वळण

लग्न होऊन दूरगावी गेलेल्या मुलीचे पत्र येत असे, तेव्हा पाकीट उघडण्यापूर्वीच वडील म्हणत, "थोरलीचे पत्र आले." सही पाहण्याची गरज नसे, अक्षराचे वळण पुरे होई. चित्रकाराच्या हातालाही असेच वळण असते. तो मोठ्या गोष्टी, म्हणजे विषय, मांडणी व रंग, गुरूकडून शिकतो किंवा ग्राहकाच्या इच्छेनुसार ठेवतो. बारीकसारीक गोष्टी मात्र त्याचा हात सवयीने करून जातो.

ही गोष्ट आपल्या देशात फार पूर्वी ओळखली गेली होती. बादशहा जहांगीर याने आपल्या आत्मवृत्तात १६१८ सालच्या नोंदीत असा दावा केला आहे की, चित्रकाराचे नाव न सांगताही कोणते काम कोणाचे हे आपण ओळखू शकतो. एकाच चित्रातील चेहरे वेगवेगळ्या चित्रकारांनी काढले असतील, तर कोणता चेहरा कोणाचा हे आपण सांगू शकतो. एवढेच नव्हे, तर एकाच चेहऱ्यातील डोळे व भुवया दुसऱ्या कोणी काढल्या असतील तर तेही आपल्याला कळते, असे तो लिहितो. याच जहांगीरच्या दरबारात येशूसंघीय धर्मगुरूंनी आणलेल्या युरोपीय चित्रांवरून मोगल चित्रकार येशू आणि मरिया यांची चित्रे काढीत असत.

त्यानंतर सुमारे अडीचशे वर्षांनी इटलीतील जोव्हान्नी मोरेल्ली (१८१६–१८९१) याने या निरीक्षणाला पद्धतीचे रूप दिले. मोरेल्ली वैद्यकशास्त्र शिकलेला होता. त्याचे म्हणणे असे की, मुद्रेवरील भाव किंवा चित्राची रचना पाहून निर्णय करू नका, कारण अनुकरण करणारा तेवढेच नेमके उचलतो. कानाची पाळी, बोटांची नखे, हाताचा तळवा अशा दुर्लक्षित जागा पाहा. तेथे चित्रकार सावध नसतो आणि नक्कल करणाराही सावध नसतो. या कसोटीवर मोरेल्लीने युरोपातील मोठमोठ्या संग्रहालयांतील कित्येक चित्रांवरची नावे बदलण्यास भाग पाडले.

डब्लिनच्या भोजनगृहातील चित्र

शैलीच्या आधारे घडलेला सर्वांत विलक्षण शोध एका कॅथोलिक संघाच्या निवासस्थानी लागला. आयर्लंडमधील डब्लिन शहरात येशूसंघीयांच्या घरी भोजनगृहात एक मोठे, काळवंडलेले तैलचित्र टांगलेले होते. गेथसेमनी बागेत यहूदा येशूचे चुंबन घेत आहे आणि शिपाई त्याला धरीत आहेत, असा त्याचा विषय. १९३० च्या दशकात एका स्त्री डॉक्टरने ते येशूसंघीयांना भेट दिले होते. डच चित्रकार गेरिट व्हॅन होंथॉर्स्ट याचे ते काम असावे, असा समज होता.

१९९० साली येशूसंघीयांनी आपली काही चित्रे तपासण्यासाठी आयर्लंडच्या राष्ट्रीय कलादालनातील चित्रसंवर्धक सर्जिओ बेनेदेत्ती यांना बोलाविले. धूर व जुने वार्निश यांच्या थराखालूनही त्यांना त्या चित्रातील प्रकाशाची तीव्रता आणि आकृत्यांची गर्दी ओळखीची वाटली. हे काराव्हाज्जोचे हरवलेले चित्र तर नव्हे, असा संशय त्यांच्या मनात आला. परंतु त्यांनी लगेच घोषणा केली नाही. चित्र काळजीपूर्वक स्वच्छ करण्यात आले. तेव्हा रंगांच्या थरांखाली चित्रकाराने काम करताना केलेले बदल आढळले. यहूदाच्या कानाची जागा बदललेली होती. नक्कल करणाऱ्याला असे बदल करण्याचे कारण नसते, कारण त्याच्यासमोर पूर्ण झालेले चित्र असते. मूळ कर्ताच चाचपडतो, खोडतो आणि पुन्हा काढतो.

याच सुमारास रोममधील दोन तरुण संशोधिका, फ्रान्चेस्का कापेल्लेत्ती व लाउरा तेस्ता, मात्तेई घराण्याच्या जुन्या हिशेबवह्या तपासत होत्या. त्यांना काराव्हाज्जोला या चित्रासाठी जानेवारी १६०३ मध्ये १२५ स्कुदी दिल्याची नोंद मिळाली. त्याच घराण्याच्या अठराव्या शतकाअखेरच्या यादीत हे चित्र चुकून होंथॉर्स्टच्या नावे लागले होते आणि १८०२ साली ते त्याच चुकीच्या नावाने विकले गेले होते. नजर, रंगांचे थर आणि हिशेबाची वही या तिन्ही साक्षी जुळल्या तेव्हा १९९३ साली हे चित्र काराव्हाज्जोचे म्हणून लोकांपुढे ठेवण्यात आले. येशूसंघीयांनी ते राष्ट्रीय कलादालनात ठेवण्यास दिले असून आज कोणालाही ते पाहता येते.

एका चुकीच्या नोंदीमुळे सुमारे दोनशे वर्षे एका महान चित्रकाराचे नाव पुसले गेले आणि एका बरोबर नोंदीमुळे ते परत मिळाले, हे येथे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

नजर फसते तेव्हा

नजरेवरच सर्व भार टाकला तर काय होते, याचेही उदाहरण आहे. १९३७ साली हॉलंडमध्ये 'अम्माऊस येथील भोजन' या विषयावरील एक चित्र पुढे आले. व्हर्मीर या सतराव्या शतकातील चित्रकाराचे थोर जाणकार आब्राहम ब्रेडियस यांनी ते व्हर्मीरची सर्वश्रेष्ठ कृती म्हणून गौरविले आणि रॉटरडॅमच्या संग्रहालयाने ते मोठ्या किमतीस घेतले. प्रत्यक्षात ते हान व्हॅन मेगरेन या समकालीन चित्रकाराने बनविले होते. १९४५ साली दुसऱ्याच एका आरोपावरून अटक झाल्यावर त्याने स्वतःच ही कबुली दिली. कोणाचा विश्वास बसेना, म्हणून त्याने पहाऱ्यात बसून आणखी एक 'व्हर्मीर' रंगवून दाखविले.

ब्रेडियस यांचे ज्ञान कमी नव्हते. त्यांना जे सापडावे असे मनापासून वाटत होते, तेच त्यांना चित्रात दिसले. आपल्याही घरातील जुनी तसबीर एखाद्या नामवंताची निघावी असे वाटणे स्वाभाविक आहे. नेमक्या त्याच वेळी सावध राहावे लागते. मराठी घरांत कोणतेही जुने रंगीत छापील चित्र सर्रास "रविवर्म्याचे" म्हटले जाते. रविवर्मा यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला हे खरे. परंतु त्यांच्या चित्रांसारखी चित्रे छापणारे इतरही पुष्कळ छापखाने होते.

दख्खनची निनावी परंपरा

आपल्या भागाचा इतिहासही अशा निनावी चित्रकारांनी भरलेला आहे. औसा, उदगीर व कंधार हे किल्ले दख्खनच्या सुलतानांच्या सत्तासंघर्षात वारंवार हातबदल पाहत आले. त्याच निजामशाही व आदिलशाही दरबारांत उत्तम चित्रे निर्माण झाली आणि त्यांतील बहुसंख्य चित्रांवर नाव नाही. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात असलेले 'तारीफ-ए-हुसेनशाही' हे सोळाव्या शतकातील सचित्र हस्तलिखित अहमदनगरच्या हुसेन निजामशहाच्या स्तुतीसाठी रचले गेले. त्याच्या कवीचे नाव आपल्याला ठाऊक आहे, चित्रकाराचे नाही.

अशा वेळी अभ्यासक एक प्रामाणिक युक्ती योजतात. एकाच हाताची वाटणारी चित्रे ते एकत्र करतात आणि त्या अज्ञात हाताला तात्पुरते नाव देतात. विजापूरच्या अशाच एका चित्रकाराला, त्याचे एक चित्र ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात असल्यामुळे, 'बोडलियन चित्रकार' म्हटले गेले. पुढे अली रझा या नावाशी त्याची सांगड घालण्यात आली. गोव्यातही, जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रलमधील संत कॅथरिनच्या जीवनावरील सोळाव्या शतकातील चित्रफलक पोर्तुगीज चित्रकार गार्सिया फर्नांडिस याचे मानले जातात. 'मानले जातात' या शब्दांत संकोच नाही, प्रामाणिकपणा आहे.

भारतीय वेशातील मरिया: कोणाचा हात?

आपल्या चर्चमध्ये किंवा जुन्या नाताळच्या शुभेच्छापत्रांत साडी नेसलेली मरिया आणि भारतीय घरातील बाळ येशू अशी चित्रे आढळतात. छापताना अनेकदा चित्रकाराचे नाव गळते. येथे काही खुणा उपयोगी पडतात.

आंजेलो दा फोन्सेका (१९०२–१९६७) हे गोव्याचे सुपुत्र. शांतिनिकेतन येथे शिक्षण घेऊन ते परतले. मरियेला भारतीय स्त्रीच्या रूपात दाखविल्याबद्दल गोव्यात त्यांच्यावर टीका झाली. पुढे पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून त्यांनी आपले बहुतेक काम केले. त्यांच्या चित्रांत जलरंगाचे पातळ थर एकमेकांत मिसळतात, कडा मऊ असतात, मातकट व शांत रंगांचा वापर असतो आणि मरिया आपल्याच शेजारच्या घरातील स्त्री वाटते. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह गोव्यातील झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहे.

आंजेला त्रिंदाद (१९०९–१९८०) या मुंबईच्या जे. जे. कलाविद्यालयात शिकलेल्या. त्यांचे वडील आंतोनियो झेवियर त्रिंदाद (१८७०–१९३५) हे नामवंत व्यक्तिचित्रकार. त्यामुळे आंजेलांच्या आरंभीच्या वास्तववादी चित्रांत वडिलांचे वळण दिसते आणि सही नसेल तर गफलत होऊ शकते. त्यांच्या भारतीय शैलीतील ख्रिस्ती चित्रांत मात्र रेषा स्पष्ट व सजावट अधिक असते आणि पुढील काळात त्रिकोणी आकारांची रचना येते.

जामिनी रॉय (१८८७–१९७२) हे ख्रिस्ती नव्हते, परंतु ख्रिस्तजीवनावर त्यांनी पुष्कळ चित्रे काढली. जाड काळी बाह्यरेषा, सपाट रंग व कानापर्यंत ताणलेले मोठे डोळे यांवरून बंगालच्या पटचित्रांशी असलेले त्यांचे नाते लगेच ओळखू येते. परंतु त्यांच्या कार्यशाळेत मुले व सहकारी यांच्या मदतीने एकाच चित्राच्या अनेक प्रती होत. म्हणून चित्रावर सही असली तरीही प्रत्येक रेषा त्यांच्याच हाताची, असे म्हणता येत नाही.

शोधाच्या पायऱ्या

एखादे निनावी चित्र समोर आल्यास घाई न करता क्रमाने पुढे जावे.

प्रथम, ते हाताने रंगविलेले आहे की छापील, हे भिंगातून पाहावे. बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर ते छापील आहे; मग छापखान्याचे नाव कोपऱ्यात किंवा चौकटीखाली दडलेले असू शकते.

दुसरे, पाठीमागची बाजू पाहावी. चौकट बनविणाऱ्याची चिठ्ठी, टपालाचा शिक्का, जुन्या वर्तमानपत्राचा तुकडा किंवा पेन्सिलीने लिहिलेला आकडा हे अनेकदा सहीपेक्षा अधिक सांगतात.

तिसरे, विषय व साहित्य यांवरून काळ ठरवावा. उदाहरणार्थ, टिटॅनियमचा पांढरा रंग १९२० च्या सुमारास वापरात आला. मूळ रंगकामात तो आढळला तर चित्र त्याहून जुने असू शकत नाही. ही तपासणी अर्थातच तज्ज्ञांकडून करून घ्यावी लागते.

चौथे, परंपरा ओळखावी; आणि पाचवे, सर्वांत शेवटी, व्यक्तीच्या हाताचा विचार करावा. त्यासाठी ज्याच्याविषयी शंका नाही अशी त्या चित्रकाराची अनेक चित्रे शेजारी ठेवून हात, कान, चुण्या व झाडांची पाने यांची तुलना करावी.

उत्तर देतानाही शब्द जपून वापरावेत. 'अमुकाचे', 'अमुकाचे असावे', 'अमुकाच्या कार्यशाळेतील', 'अमुकाच्या शैलीतील' व 'अमुकाच्या चित्रावरून केलेली प्रत' ही पाच वेगवेगळी विधाने आहेत. पुरावा जेवढा, तेवढेच विधान करावे.

आपल्या धर्मग्रामात काय करता येईल?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरातील भूकंपाने हजारो माणसांचा बळी घेतला आणि गावेच्या गावे जमीनदोस्त झाली. माणसांच्या दुःखापुढे वस्तूंची गणना कोण करणार? परंतु ज्यांनी तो काळ पाहिला त्यांना ठाऊक आहे की, घर पडले म्हणजे घराची स्मृतीही ढिगाऱ्याखाली जाते. भूकंप झाला नाही तरी एक वडीलधारी व्यक्ती गेली की तिच्याबरोबर किती तरी उत्तरे कायमची जातात.

म्हणून काही साध्या गोष्टी आजच कराव्यात. जुने चित्र ओल्या फडक्याने, साबणाने किंवा तेलाने पुसू नये. रंग उडाला म्हणून हौसेने दुसरा रंग भरू नये, कारण त्या एका कृतीने मूळ हाताची खूण नष्ट होते. मेणबत्तीचा धूर व पावसाळ्यातील ओल धरणारी भिंत यांपासून चित्र दूर ठेवावे. दिवसाच्या उजेडात त्याची पुढची व मागची बाजू, चारही कोपरे यांची छायाचित्रे घ्यावीत. घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे की हे चित्र कोठून आले, कोणी दिले, कोणत्या साली आले. आणि ते उत्तर कागदावर लिहून चौकटीच्या मागे जपून ठेवावे. चर्चमधील चित्र असेल तर धर्मगुरूंना विनंती करून धर्मग्रामाच्या नोंदवहीत त्याची नोंद करून घ्यावी. कर्त्याचे नाव मिळाले नाही तर 'चित्रकार अज्ञात' असे लिहावे. ओढूनताणून चिकटविलेल्या मोठ्या नावापेक्षा हे दोन खरे शब्द अधिक मोलाचे आहेत.

शेवटी एक विचार. नाताळच्या गोठ्यामागचा बेथलेहेमचा पडदा, चर्चच्या भिंतीवरील मेंढपाळ, सणासाठी रंगविलेला फलक ही कामे आपल्याच गावातील कोणीतरी चित्रकार करतो. अनेकदा तो दिवसभर दुकानांच्या पाट्या रंगवितो आणि सायंकाळी आपल्यासाठी देवदूत काढतो. मजुरी देऊन आपण त्याला निरोप देतो. त्याचे नाव कोठेही राहत नाही. पन्नास वर्षांनी कोणीतरी त्या चित्रापुढे उभे राहून विचारील, "हे कोणी काढले?" त्या वेळी कान व नखे तपासण्याची वेळ त्याच्यावर येऊ नये. चित्राच्या एका कोपऱ्यात त्याचे नाव, गाव व वर्ष लिहावयास आज अर्धा मिनिट लागेल.